शनिवारची मिस्सा

शनिवारी सकाळी आमच्या चर्चमध्ये कुणी नसतं. रविवारच्या तयारीसाठी एक बाई फरशी पुसायला येते, वेदीवरची वाळलेली फुलं काढते, बाकं सरळ करते आणि जाते. मध्यंतरी काही वर्षं मात्र तिला शेवटच्या बाकाखालची फरशी पुसता येत नसे, कारण त्या बाकावर सर असायचे. मधूनच उभे राहायचे, मधूनच गुडघे टेकायचे, ओठ हलवायचे, छातीवर क्रूस काढायचे. वेदीवर फादर नाहीत, गाणारे नाहीत, घंटा नाही, आणि हे एकटेच मिस्सा ऐकतायत.

एकदा मी फुलं ठेवायला गेले होते, तेव्हा त्या बाईने मला खांबाआड ओढून विचारलं, "टीचर, ह्या सरांचं डोस्कं फिरलंय व्हय?"

"नाही," मी म्हटलं. "नेपाळात आज मिस्सा असते."

नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी. त्यामुळे तिथले ख्रिस्ती लोक रविवारची उपासना शनिवारी करतात. तिथल्या एका डोंगरातल्या चर्चमध्ये त्या घटकेला मिस्सा चालू असायची, आणि सर इथे कोल्हापुरात तिला हजर राहायचे. मी हे सगळं तिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, "आसंल बया" म्हणाली आणि सरांच्या पायांभोवतीनं फडकं फिरवून पुढे गेली.

सर आमच्या शाळेत पीटी शिकवायचे, मी मराठी. चर्चही आमचं एकच. ते मूळचे गडहिंग्लजच्याही पलीकडच्या एका खेड्यातले. त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक असलेली थोडी घरं आहेत, नावं पोर्तुगीज आणि बोली अस्सल रांगडी. उंच, पायात किंचित फेंगडे, केस अगदी बारीक कापलेले. निवृत्त झाल्यावरही गळ्यातली शिट्टी त्यांनी काढली नाही. शर्टाच्या आत ती क्रूसाशेजारी लोंबायची आणि ते गुडघे टेकायला वाकले की दोन्ही एकमेकांवर आपटून बारीक आवाज व्हायचा.

आवाज मात्र बारीक नव्हता. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला ओरडण्यात आयुष्य गेलेलं; हळू बोलणं त्यांना जमतच नसे. ते कन्फेशनला बसले की बाहेर रांगेत थांबलेली माणसं उठून पार दारापाशी जाऊन उभी राहायची. तरी ऐकू यायचंच. त्यांची पापं सगळ्या चर्चला पाठ होती आणि ती फार साधी होती. खानावळवाल्याला शिवी दिली. एसटीत एकाला ढकललं. फादरांच्या प्रवचनात झोप लागली. हे शेवटचं त्याच फादरांना सांगायचे.

लग्न केलं नाही. का, ते कुणाला माहीत नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. मंगळवार पेठेत, पाण्याच्या पंपांच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या एका दुकानाच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. एकीत पलंग, दुसरीत काही नाही. ती दुसरी खोली व्यायामाला. सकाळ-संध्याकाळ जेवण खानावळीत. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्यांचं औषध एकच होतं: "बसू नका." शाळेत कुणी शिक्षक आजारातून उठून आला की ते त्याला खुर्ची देण्याऐवजी खुर्ची काढून घ्यायचे. "बसला की माणूस गेला," म्हणायचे. माझे वडील वारले तेव्हा घरी भेटायला आले. सगळे मला बसवत होते, पाणी देत होते. हे दारातूनच ओरडले, "बाई, उठा. चला, जरा फिरून येऊ." मला राग आला होता. पण उठले, आणि त्यांच्याबरोबर रंकाळ्यापर्यंत चालत गेले. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवसांत मला तेवढंच बरं वाटलं.

नेपाळात मोठा भूकंप झाला, त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या त्या वेळच्या फादरांनी रविवारी मिस्सेनंतर सगळ्यांना थांबवून घेतलं. म्हातारे होते, मवाळ बोलायचे. त्यांच्याबरोबर शिकलेले एक फादर नेपाळात होते. काठमांडूहून बसने दिवसभर आणि मग पायी, अशा ठिकाणी त्यांचं लहानसं चर्च. गावातली बहुतेक घरं पडलेली, चर्चही पडलेलं. फादर म्हणाले, "नुसती मदत पाठवून मोकळं व्हायचं नाही. आपलं चर्च आणि त्यांचं चर्च, असं नातं जोडू. आपल्या एकेका घराने तिथल्या एकेका घराचं नाव घ्यायचं. त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायची, फोनवर बोलायचं, जमेल ते करायचं. तेही आपल्यासाठी प्रार्थना करतील."

मागच्या बाकावरून सर उभे राहिले. "फादर, तितं लोकं आता काय करत्यात?"

"काय करणार? तंबूत बसून आहेत बिचारे."

"बसल्यात?" सरांचा आवाज छताला लागला. "आवो मग पयलं त्यास्नी उठवाय पायजे!"

लोक हसले. पण समिती झाली तेव्हा सर तिच्यात होतेच. मीही होते, कारण मराठीच्या शिक्षिकेला सगळीकडे लिहायला बसवतात.

घरांच्या जोड्या लावताना सर अडले. ते घर नव्हते, एकटे होते. तिकडच्या यादीतही तसं एकच नाव होतं. एक बाई, साठीच्या आसपासची, नवरा भिंतीखाली सापडून गेलेला, मूलबाळ नाही. एकट्याला एकटी, असं आम्ही जोडून टाकलं. फार विचार केला असं नाही. यादी संपवायची होती.

पहिला फोन चर्चच्या हॉलमधून लावला. पडद्यावर पत्र्याच्या आडोशाला दाटीवाटीनं उभी माणसं दिसत होती. आमची माणसं एकेक करून पुढे जायची, नमस्ते म्हणायची आणि पुढे काय बोलावं न कळून बाजूला व्हायची. सरांची पाळी आली. ती बाई पुढे आली, बुटकी, डोक्याला फडकं बांधलेली. सर काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "भात खानुभयो, दाइ?"

सर वळून आमच्याकडे बघायला लागले. "मला जेवला का म्हणून इचारतीया!"

तिकडे ही नुसती विचारपूस असते. आपण 'काय, बरं आहे का' म्हणतो तसं. सरांना ते पुढे कळलं. पण त्या दिवशी हॉलच्या पायऱ्या उतरताना ते मला म्हणाले, "बाई, आई गेल्यावर मला ह्ये कुणी इचारलं नव्हतं. खानावळवाला इचारतोय, पण तो भाकरी का चपाती, यवढंच."

तेव्हापासून सर नेपाळचे झाले. पेठेतल्या एका अपार्टमेंटच्या नेपाळी वॉचमनकडून त्यांनी भाषा शिकायला घेतली. दोघं गेटजवळ उभे असायचे. बसायची सोय नव्हती, सरांनी त्याची खुर्ची बाजूला ठेवलेली. त्यांच्या नेपाळीला 'की' लागायचा. "हुन्छ की!" म्हणजे 'चालतंय की', असं ते फोनवर ओरडायचे. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पाव तास असतं म्हणून खोलीतलं घड्याळही त्यांनी पुढे केलं, आणि मग ते सगळीकडे लवकर पोचू लागले. खानावळ उघडायच्या आधी बंद दारासमोर उभे.

ती बाई त्यांना दाइ म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ. ते तिला बहिनी म्हणायचे, म्हणजे धाकटी बहीण. आता हे कोल्हापुरात कुणाला सांगणार? सर रस्त्यात फोनवर "बहिनी, बहिनी" करायला लागले की लोकांना 'वहिनी'च ऐकू यायचं. खालचा रिवाइंडिंगवाला चावटपणे विचारायचा, "काय सर, वयनी काय म्हणत्यात?" सर त्याच्या अंगावर जायचे. "आरं भन हाय माझी ती, भन!" तो म्हणायचा, "मग ती तुमास्नी दाई का म्हणती? कुनाचं बाळंतपन केलं?" सगळी गल्ली हसायची. सरही शेवटी हसायचे, पण वर खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे.

चर्चने त्या गावासाठी पुष्कळ काही केलं. छपरं झाली, झऱ्याचं पाणी नळीने खालपर्यंत आलं, शाळेची एक खोली झाली. ते काम दोन्हीकडच्या फादरांचं आणि समितीचं. सरांचा वाटा वेगळाच होता. त्यांनी पहिल्या सामानात फुटबॉल पाठवले. पोरं खेळली की मोठी माणसं बघायला उभी राहतील, असा हिशेब. महिन्याने चौकशी केली तेव्हा कळलं की सगळे बॉल गेले. गाव अख्खं उतारावर. एकेक बॉल उड्या मारत दरीत, नदीला.

"एकबी सपाट जागा न्हाय?" सरांनी विचारलं.

बहिनी म्हणाली, आहे, पण तिथे मका वाळत घालतो.

मग त्यांनी कबड्डी काढली. तिला बॉल लागत नाही, मैदानही इवलंसं चालतं. एका दुपारी मंगळवार पेठेतल्या गल्लीत सरांनी मोबाइल एका मोटारीच्या टपावर उभा केला आणि चुन्याने रेघा मारल्या. पडद्यावर तिकडची पोरं. सर एकटेच या रेघेवरून त्या रेघेवर "कबड्डी कबड्डी" करत धावत होते, एकटेच बाद होत होते, एकटेच शिट्टी मारत होते. गल्ली गोळा झाली. कुणीतरी विचारलं, "सर, कुनासंगं खेळताय?" त्यांनी दम न सोडता बोट मोबाइलकडे केलं. रिवाइंडिंगवाला काही वेळ बघत उभा राहिला आणि मग हात पुसून समोरच्या रेघेवर जाऊन थांबला. "या, धरतो तुमास्नी," म्हणाला. तिकडे पोरं किंचाळत होती. त्यांच्यामागे बहिनी तोंडाला पदर लावून हसताना दिसत होती.

मग एका वर्षी पंचगंगेला महापूर आला. नदीकाठच्या वस्तीतली माणसं आमच्या शाळेत येऊन राहिली. आठवीच्या वर्गात संसार, नववीच्या वर्गात संसार. सर पहाटेच येऊन शिट्टी वाजवायचे आणि सगळ्यांना पटांगणात उभं करून हातवारे करायला लावायचे. लोकांनी शिव्या घातल्या. एकाने चप्पल फेकली. सरांनी ती उचलून त्याला नेऊन दिली. "फेकलीस न्हवं? म्हंजी हात चालतोय. आता पाय हलीव."

तिथे एक बाई होती, नवऱ्याबरोबर चहाची गाडी लावणारी. घर पाण्यात, गाडी वाहून गेलेली. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि जेवत नव्हती. आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. सरांच्या शिट्टीलाही ती हलली नाही. तेवढ्यात नेपाळातून बहिनीचा फोन आला. पूर टीव्हीवर दिसला होता, सगळं गाव चौकशी करत होतं. सरांनी काय मनात आणलं कोण जाणे, तो फोन त्या बाईसमोर धरला. "घे. बोल. हिचंबी घर पडलं हुतं, नवरा गेलाय."

बहिनी पुष्कळ वेळ बोलत राहिली. शांतपणे, मध्ये थांबत, हाताने मागचं घर दाखवत. त्या बाईला एक शब्द कळत नव्हता. ती सरांना म्हणाली, "काय म्हणतीया ती?"

"जेव म्हणतीया."

बहिनी पुन्हा बोलली, आणखी लांबण.

"आनि आता?"

"जेव म्हणतीया."

"यवढं बोलली आनि जेवच म्हणली व्हय?"

"दुसरं काय म्हणंल?" सर ओरडले. "तिकडंबी समदी जेवच म्हणत्यात."

त्या बाईला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू. मी पुढे केलेलं ताट तिने घेतलं. मी सरांना नंतर विचारलं, बहिनी खरं काय सांगत होती? ते म्हणाले, "तिचा नवरा कसा सापडला ते सांगत हुती. म्या कशाला सांगू हिला?"

माणसं कंटाळतात. त्यात कुणाचा दोष नाही. म्हाताऱ्या फादरांची बदली झाली, पुढे ते गेलेच. घराघरांतल्या देव्हाऱ्यापाशी चिकटवलेल्या नेपाळी नावांच्या चिठ्ठ्या रंगकामात निघाल्या. फोन सणावारी, मग तेही नाही. समितीच्या बैठकीला शेवटी शेवटी सर, मी आणि फादर. नवे फादर तरुण, उत्साही, मनाने चांगले. त्यांनी एका रविवारी वेदीवरून सांगितलं, "आनंदाची बातमी आहे. नेपाळातल्या आपल्या बंधुभगिनींनी कळवलं आहे की त्यांचं गाव आता स्वतःच्या पायांवर उभं आहे. आता आपण दुसऱ्या गरजूंकडे वळावं, अशी त्यांचीच इच्छा आहे. या कामाचा समारोप आपण आभाराच्या मिस्सेने करू."

टाळ्या झाल्या. सर उभे होते, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मिस्सेनंतर ते फादरांपुढे जाऊन थांबले. प्रथमच त्यांचा आवाज मला हळू वाटला. "फादर, ती उभी ऱ्हायली ह्ये लई बरं झालं. पन मग म्या काय करू?"

फादरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, विश्रांती घ्या आता. तुम्ही खूप केलंत."

त्यानंतरच्या एका कन्फेशनची गोष्ट. मी रांगेत होते आणि नेहमीप्रमाणे दाराकडे सरकले होते. तरी आलंच कानावर. "फादर, ह्या आठवड्यात म्या कुनासंगं बोललो न्हाय."

फादर काहीतरी म्हणाले.

"पाप न्हाय?" सर म्हणाले. "मग काय हाय ह्ये?"

फादर हळू बोलतात. त्यांचं उत्तर ऐकू आलं नाही.

बहिनीचे फोन चालू होते, तिच्या पुतण्याच्या मोबाइलवरून. सर कित्येक वर्षं "येतो, येतो" म्हणत होते आणि जात नव्हते. आता मात्र तिकीट काढलं. गुळाची ढेप घेतली, कांदा-लसूण चटणी घेतली, तिच्यासाठी कोल्हापुरी चपला घेतल्या, मापाचा अंदाज पडद्यावरून. स्टेशनवर पोचवायला मी आणि तो वॉचमन, एवढेच होतो. सर प्लॅटफॉर्मवर येरझाऱ्या घालत होते. गाडी लागली तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, म्या गेलो आनि तिनं वळीकलंच न्हाय तर?"

"अहो, रोज फोनवर बघते की तुम्हाला."

"फोनात म्या यवढुसा दिसतो," ते म्हणाले आणि अंगठा नि बोट जवळ आणून दाखवलं.

सांगून गेले होते त्याच्या बरेच आधी ते परतले. शाळा सुटल्यावर मी गेटबाहेर आले तर समोरच्या कट्ट्यावर ते बसलेले. सरांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. जवळ जाऊन मीही बसले.

"ओळखलं का?" मी विचारलं.

"वळीकलं की! वाटंपतूर आली हुती. समदं गाव आलं हुतं. गळ्यात हार घातलं, बाई, मान दिसंना. मिस्सेला पयल्या बाकावर बसीवलं. म्या गानी मराठीतच म्हटली, त्यास्नी चाललं. दुसऱ्या दिशी उठलो तर गावात कुनी न्हाय. समदी कामाला. कोन शेतात, कोन रस्त्याच्या कामावर. तीबी पाटी घिऊन निघालेली. म्या म्हटलं, मीबी येतो. पाटी उचलली. दहा पावलांवर दम लागला. तिनं पाटी काढून घेतली आनि म्हणली, बसा दाइ. अंगणात मका वाळत हुता. त्यो राखत बसलो. कोंबड्या आल्या की शिट्टी मारायची."

मला हसू आलं. त्यांनाही आलं, पण टिकलं नाही.

"घरात खाट एकच. ती मला. ती चुलीम्होरं झोपायची. म्या ऐकत न्हवतो, तर रडाय लागली, पावनं हायसा म्हणून. सकाळी उठायच्या आदी माझ्या अंगुळीचं पानी तापलेलं. येरवी तिला तसल्या कामाचा तरास नसतोय. म्या त्यास्नी उठवाय गेलतो, बाई. ती कवाच उठल्यात. माझ्यामुळं तिची कामं तेवडी वाडली."

"रागावल्या का, लवकर निघालात म्हणून?"

"रागावली न्हाय. खालच्या पुलापतूर आली, चपला घालून. चपला मोठ्या झाल्या तिला. तशाच फटफट करत आली." मग म्हणाले, "लई चांगलं झालंय गाव. बघाय पायजे तुमी."

"परत कधी जाणार?"

"न्हाय जानार," ते म्हणाले.

पुढे काही घडलं, असं नाही. बहिनीचा पुतण्या कामाला आखातात गेला आणि मोबाइल त्याच्याबरोबर गेला. तिकडच्या चर्चमधून निरोप मिळाला की ती बरी आहे, दोन डोंगर पलीकडे आपल्या सख्ख्या बहिणीकडे राहते, तिथे फोन नीट लागत नाही. सरांनी बरेच दिवस लावून पाहिला. शनिवारी चर्चमध्ये यायचे ते मात्र येत राहिले. मग गुडघे गेले. खानावळीपर्यंतही जाववेना. शेवटी सरांचा स्वतःचा पुतण्या आला आणि त्यांना गडहिंग्लजला घेऊन गेला. मंगळवार पेठेतून निघताना सामान म्हणून एक ट्रंक होती. रिवाइंडिंगवाल्याने ती स्वतः उचलून टेम्पोत ठेवली आणि टेम्पो वळेपर्यंत रस्त्यात उभा राहिला.

गेल्या दिवाळीनंतर माझं गडहिंग्लजला एका लग्नाला जाणं झालं, तेव्हा सरांकडे गेले. घर छान आहे. पुतण्या आणि त्याची बायको दोघंही नोकरीला, माणसं मायेची. सरांची खोली पुढची, खिडकी रस्त्यावर. पण दिवसभर घरात कुणी नसतं. सर वाळले होते, आवाजही अर्ध्यावर आला होता. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. मी "बसा" म्हटलं, तर बसले. त्याचं मला फार वाईट वाटलं.

चहा झाला, शाळेच्या गप्पा झाल्या. नेपाळचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही. संध्याकाळ व्हायला आली तशी मी निघाले, तर काठी घेऊन तेही निघाले. "स्टँडपतूर येतो. मला रोजच जावं लागतंय."

"रोज? कशाला?"

"चला की."

आम्ही फार सावकाश चाललो. स्टँडच्या बाहेर चहाच्या, वडापावच्या गाड्या होत्या. त्यांच्या टोकाला एक मोमोची गाडी, नव्यानेच लागलेली. एक तरुण नेपाळी जोडपं चालवत होतं. ती पीठ लाटत होती, तो वाफेचं भांडं उघडत होता. सरांना बघताच त्याने न विचारता एक प्लेट भरली. सरांनी काठी गाडीला टेकवली आणि उभ्यानेच खायला लागले. मलाही आग्रह केला. मी एक घेतला.

"हे तिकडचेच का?" मी हळूच विचारलं.

"न्हाय. पार दुसऱ्या टोकाचं. आपलं गाव त्यांनी ऐकल्यालंबी न्हाय. ख्रिस्तीबी न्हाईत."

"मोमो आवडतात वाटतं तुम्हाला."

"छ्या. नुसतं पचपचीत." त्यांनी आणखी एक तोंडात टाकला आणि कष्टाने गिळला. "पन खाताना त्यांचं बोलनं कानावर पडतं. हळूहळू खाल्लं की जास्ती येळ पडतं."

माझी कोल्हापूरची गाडी लागली. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी हातातली प्लेट सांभाळत मान हलवली. खिडकीजवळची जागा मिळाली, म्हणून गाडी वळताना मला ते दिसले. ती लाटता लाटता नवऱ्याला काहीतरी सांगत होती, तो हसत होता. दोघांचंही सरांकडे लक्ष नव्हतं. सर प्लेट छातीशी धरून, मान जरा तिरकी करून, उभे होते. प्लेटमध्ये अजून दोन मोमो होते आणि ते खात नव्हते.